तुरीदच्या होडीला कुणाचा हात लागला

१

सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन मी कोट काढतोय, तोवर फोन वाजला.

"कोरे, होडी नाहीये," तुरीद म्हणाली.

"कुठं नाहीये?"

"शेडमध्ये. कुलूप जसंच्या तसं आहे, खिडक्या आतून बंद आहेत, आणि होडी नाहीये."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण तुरीद चेष्टा करणाऱ्यातली नाही. तिचं निम्मं आयुष्य हेलेवोगच्या मासे कापायच्या कारखान्यात उभ्यानं गेलं. कारखाना बंद पडला त्या दिवशीसुद्धा ती सुरी धुऊन, पुसून, जागच्या जागी ठेवून घरी गेली होती.

मी हेलेवोगच्या रोजगार कार्यालयात आहे. रिकाम्या झालेल्या हातांना नवं कसब शिकवायचं म्हणून सरकारनं लाकडी होड्या बांधायचा वर्ग काढला, तेव्हा त्याचा अर्ज मीच खरडला होता. गावानं यथेच्छ टिंगल केली. "सरकार आज होड्या बांधायला शिकवतंय, उद्या पोहायला शिकवेल," असं लोक मला दुकानाच्या रांगेत ऐकवायचे. नावं पुष्कळांनी घातली, पण शेवटपर्यंत टिकले दोघंच. त्यातला स्टाइनार हिवाळ्यात कसोटीत नापास झाला. राहिली तुरीद.

आज तिची कसोटी होती. दुपारच्या फेरीबोटीनं परीक्षक मंडळ येणार, तिनं एकटीनं बांधलेली चार वल्ह्यांची होडी तपासणार आणि कारागिरीचा दाखला द्यायचा की नाही ते ठरवणार. दाखला मिळाला तर फ्योर्डच्या खाडीपलीकडचा होडीकारखाना तिला कामावर घ्यायला तयार होता, पहिल्या वर्षीचा अर्धा पगार सरकार भरणार होतं. नाही मिळाला तर योजना याच महिन्यात संपत होती. मग घर विकून स्टाव्हांगरला बहिणीकडे जायचं आणि हॉटेलातल्या खोल्या झाडायच्या, एवढंच तिच्या हातात उरत होतं. तिनं हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही खिडकीबाहेर बघत.

पोलीस दोन फेरीबोटी पलीकडे. मी रागनाला फोन लावला आणि नखांत अडकलेलं शनिवारचं डांबर खरवडत बंदराकडे निघालो. काय करायचं ते मला अजिबात सुचत नव्हतं.

२

रागना म्हणजे आमची निवृत्त पोलीसप्रमुख. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. ती शेडच्या दारात थर्मास घेऊन बसली होती आणि आत न जाता आत बघत होती.

शेड रिकामी होती. मधोमध भुश्शाचा चौकोन आणि त्यात चाकांच्या दोन रेघा, एवढंच उरलं होतं. भिंतीवर रंधे, पटाश्या, वाकस, सगळं ओळीनं टांगलेलं. फळीवर उस्ताद ओदवारचे डांबराचे डबे. त्या डब्यांत एका ठिकाणी फट होती आणि फटीतल्या फळीवर धूळ नव्हती.

"शेवटची कधी पाहिलीस?" रागनानं विचारलं.

"शुक्रवारी दुपारी," तुरीद म्हणाली. तिचे हात एप्रनच्या खिशात होते. "गाड्यावर पालथी ठेवली होती, बाहेरून शेवटचा तेलाचा हात द्यायचा म्हणून. शनिवार-रविवार घरीच होते, मंडळासमोर काय बोलायचं त्याची तयारी करत. शनिवारी गावाच्या श्रमदानालाही आले नाही."

"होडीत काही कमी-जास्त?"

"एक घाव होता. पुढच्या टोकाशी, बाहेरून. वाकस निसटला होता. तो लपवायचा नाही असं मी ठरवलं होतं. मंडळासमोर तेवढं लाकूड कोरून काढायचं आणि तिथं नवा तुकडा बसवायचा. चूक कशी निस्तरतो तेही बघतात ना ते. शनिवारी पहाटेच ओदवारला फोनवर सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"एवढंच म्हणाला, बरं."

ओदवार म्हणजे वर्गाचा उस्ताद. तो एरवीही 'बरं'च्या पुढे फारसा जात नाही, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"किल्ल्या किती जणांकडे?"

"एक माझी, एक ओदवारची," तुरीद म्हणाली, "आणि एक कोरेच्या ऑफिसात."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी ऑफिसातल्या टेबलाचा कुठला खण आठवू, तेच मला कळेना.

"आणि होडी ठेवायचा गाडा?" रागना म्हणाली.

"तो बाहेर आहे," मी म्हणालो. गाडा शेडच्या भिंतीला लागून उभा होता आणि त्यावर श्रमदानात गोळा केलेला कचरा पिशव्यांत भरून नीट रचलेला होता. "आपल्याच लोकांनी वापरला असणार."

"बंद शेडमधला गाडा?" रागनानं कॉफी ओतली. "कोरे, गावातला कुणीतरी कुलपातून आरपार गेला असं तुला म्हणायचंय का?"

३

माझा संशय हेल्गेवर होता. हेल्गे होडी मंडळाचा अध्यक्ष. शेड पूर्वी त्याच्या मंडळाची होती. नगरपालिकेनं ती वर्गाला दिली तेव्हापासून तो मला ओळख दाखवतो, पण हात वर न करता.

तो धक्क्यावर जाळी उलगडत होता.

"होडी गेली? वाईट झालं," तो म्हणाला. "पण मला विचारू नका. मला शनिवारचीच कटकट पुरेशी आहे."

"कसली कटकट?" रागना म्हणाली.

"डांबर पुरलं नाही. दर वसंतात तेवढंच आणतो, त्याच होड्या, तेवढेच डबे. यंदा शेवटच्या होडीला हात लावायच्या आधी डबा खडखडीत. कुणीतरी घरी नेलं असणार. आणि ते हॉटेलवाले की उन्हाळी बंगलेवाले, त्यांच्यापैकी कुणीतरी आपली होडी किनाऱ्यावरच्या आमच्या ओळीच्या टोकाला आणून टाकलीय. पाण्याकडची वाटच अडवलीय."

"तू त्यांना सांगितलंस?"

"श्रमदानात कोण कुणाला सांगतं?" हेल्गे माझ्याकडे बघून म्हणाला. "याला विचार. हाही होता. पहिल्यांदाच काहीतरी काम करताना दिसला."

खरं होतं. आमचा वसंतातला डुगनाड, म्हणजे गावाचं श्रमदान, असाच असतो. समोर दिसेल ते काम उचलायचं, कॉफीची हाक आली की खाली ठेवायचं, परतल्यावर दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं पुरं करायचं. 'हे कुणाचं, हे करू का' असं विचारत बसणारा माणूस आमच्याकडे कामचुकार ठरतो. मीही दिवसभर काही न विचारता राबलो होतो आणि मनातून खूश होतो.

"शेडजवळ तू काही केलंस, हेल्गे?"

"तिथं घोडीवर की कशावर एक होडी होती, कुणीतरी रंगवायला काढलेली. डबा आणि ब्रश शेजारीच. थोडा हात मारला, डबा संपला, तेवढ्यात वॅफलचा वास आला. मग गेलो."

मी वहीत लिहिलं: हेल्गे, वॅफल. त्याचा अर्थ काय ते मला माहीत नव्हतं. रागना मात्र चालायची थांबली होती आणि किनाऱ्याकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. गुडघा," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती.

४

स्टाइनार सहकारी दुकानामागे खोकी फोडत होता. आम्हाला बघून त्यानं हात पुसले.

"मला माहीतच होतं तुम्ही येणार. ती पास झाली तर पलीकडची नोकरी तिची. म्हणजे चोर मी. झालं?"

"तू घेतलीस का?" रागनानं सरळ विचारलं.

"घेऊन करू काय? तिची होडी पाण्यात घातली तर फ्योर्डच्या दोन्ही काठांवरचे लोक ओळखतील. पिवळीधमक, कोऱ्या पाइनची." मग तो थोडा नरमला. "चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती. हे तिला सांगू नका."

"शनिवारी काय केलंस?"

"उचलाउचली. आम्ही चौघांनी एक होडी शेडपासून किनाऱ्यावरच्या ओळीत नेऊन ठेवली. डोकी होडीखाली, बघायला काय मिळतंय? आणि वर कुण्या गाढवानं डांबर वाळायच्या आत ती तशीच सोडलेली. हा बघ." त्यानं खुंटीवरचं जाकीट काढून दाखवलं. खांद्यावर काळा पट्टा होता आणि त्या पट्ट्याची एक कड तपकिरी होती.

"ती नेऊन ठेवा असं कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. डांबर लावलेल्या होड्या ओळीत जातात. ही डांबर लावलेली होती." तो माझ्याकडे बघायला लागला. "कोरे, तू का असा पांढराफटक पडलायस?"

मी पांढराफटक पडलो होतो, कारण ते गाढव मी होतो. शनिवारी जेवणानंतर शेडजवळ एक अर्धी रंगवलेली होडी मला दिसली होती. शेजारचा डबा रिकामा होता, म्हणून मी हेल्गेच्या डब्यांतून डांबर आणलं. ते लाकूड डांबर नुसतं पीत होतं. मी पुन्हा आणलं, पुन्हा आणलं. कुणाची होडी, असं विचारायचं मनातसुद्धा आलं नाही.

"जुन्या होडीचं लाकूड आधीच डांबर प्यालेलं असतं," रागना हळूच म्हणाली. "इतकं पिणारं लाकूड कोरं असतं, कोरे."

५

किनाऱ्यावर जायच्या आधी रागना मला ओदवारकडे घेऊन गेली. मी म्हणालो, होडी सापडल्यातच जमा आहे, आता आणखी काय विचारायचं? माझी एवढीच इच्छा होती की हे सगळं अंग धुतल्यासारखं निघून जावं.

"होडी काळी कुणी केली ते कळलं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी. पण शेडमधून बाहेर कुणी काढली? श्रमदानाला लोक यायच्या आत ती कुणीतरी गाड्यावरून बाहेर आणली, डबा आणि ब्रश शेजारी ठेवला आणि मागे कुलूप लावलं. तुझी किल्ली म्हणशील तर ती तुला स्वतःलाच सापडत नाही. तुरीद आपलं घर आपल्या हातानं बुडवणार नाही."

ओदवार आपल्या स्वयंपाकघरात बसला होता. समोर पावावर तपकिरी चीज, न खाल्लेलं. माणूस एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला होता.

"ओदवार, होडी शेडबाहेर कुणी काढली?"

"होडी कुठे आहे ते मला खरंच माहीत नाही, रागना. शनिवारी सकाळी मी मुलीकडे गेलो, काल रात्री आलो. आज सकाळी तुरीदचा फोन आला तेव्हापासून डोकं चालत नाहीये. देवाशपथ सांगतो."

"मला वाटतं, हे तू खरं सांगतोयस."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे ओदवारही नाही. मग आता?"

"मी त्याला विचारलं, कुणी काढली," रागना म्हणाली. "त्यानं सांगितलं, कुठे आहे ते माहीत नाही. चल, तुरीदला बोलाव. फेरीबोट दिसायला लागलीय."

६

ओळीच्या टोकाला, वाट अडवून, ती पालथी पडली होती. अर्धी तपकिरी, अर्धी काळी. तपकिरी भागाला धुरावलेल्या मांसासारखा वास येत होता. तसलं भट्टीतलं जुनं डांबर गावात फक्त ओदवार ठेवतो. बाकीची माझी करणी.

तुरीदनं होडीखाली हात घालून आतल्या फासळ्या चाचपल्या आणि मान डोलावली. होडी तिचीच. मला वाटलं ती माझ्या थोबाडीत मारेल, आणि ते रास्तच झालं असतं. पण ती पुढच्या टोकाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तळहात फळीवरून फिरवायला लागली. एकदा, परत एकदा.

"माझा घाव कुठंय?" ती म्हणाली.

"म्हणजे?" मी म्हणालो.

"इथं होता. बोट जाईल एवढा खोल. आता नाहीये. काहीच लागत नाहीये हाताला."

तोपर्यंत फेरीबोटीवरून परीक्षक उतरून आले होते. मंडळाचा प्रमुख विदार, बुटका, पांढऱ्या दाढीचा माणूस, तिच्या शेजारी वाकला. त्यानं खिशातली सुरी काढून डांबर थोडंसं खरवडलं. खाली लाकडाचा एक तुकडा दिसला, विटीसारखा दोन्हीकडं निमुळता कापलेला, इतका घट्ट बसवलेला की सांध्यात केस गेला नसता.

विदारनं त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "हा हात मला ओळखीचा आहे," तो म्हणाला. "आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो."

ओदवार आमच्या मागे येऊन उभा होता. तो कधी आला ते मी पाहिलं नव्हतं.

"शुक्रवारी ती गेल्यावर मी तो घाव पाहिला," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढी वाक्यं सलग मी कधी ऐकली नव्हती. "हात थांबले नाहीत. म्हटलं, पोरीचं तेवढंच ओझं कमी. मग शनिवारी तिचा फोन आला, की मंडळासमोर ती तेच करणार आहे. तेव्हा कळलं मी काय करून बसलो. दुसऱ्याचा हात लागलेलं काम म्हणजे कसोटी रद्द. आणि विदार येणार, तो बघताक्षणी ओळखणार."

"म्हणून डांबर," रागना म्हणाली.

"स्वतः लावायचं धाडस झालं नाही. तुरीदनं विचारलं असतं, का लावलं. म्हणून होडी बाहेर काढून ठेवली, शेजारी डबा ठेवला. श्रमदानात कुणीतरी लावेलच, म्हटलं, मंडळवाले गावाची चूक म्हणून सोडून देतील. तुरीदला नंतर सांगितलं असतं. पण तुम्ही ती उचलून नेऊन ठेवाल हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळी वाटलं, खरंच चोरीला गेली."

गोंधळ संपला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते जास्त वाईट होतं. या सगळ्यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. हेल्गेनं हात मारला, मी हात मारला, स्टाइनारनं उचलली, आणि ओदवारनं तर मायेनं केलं. तुरीदला बुडवायला तेवढं पुरलं होतं.

"मला वाईट वाटतंय," विदार म्हणाला. "डांबर वरवरचं आहे, ते सोडून देऊ. पण हा तुकडा जोवर इथं आहे, तोवर ही होडी तिची धरता येणार नाही."

तुरीद उठली. गुडघ्यांना लागलेली वाळू तिनं झटकली.

"मग काढते," ती म्हणाली.

७

निकाल सांगून टाकतो. दाखला तिला मिळाला, संध्याकाळच्या शेवटच्या फेरीच्या जरा आधी. विदारनं तिनं बसवलेल्या नव्या तुकड्याच्या सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "ठीक." आमच्याकडे याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं करत नाही. स्टाइनारला पुढच्या वर्गात घ्यावं म्हणून मी परत अर्ज खरडला आहे. त्याचं काय होतं ते बघू.

पण त्या दुपारचं मला आठवतं ते वेगळंच. ओदवारनं बसवलेला तुकडा निघता निघत नव्हता. तुरीद पटाशी लावून मोगरीनं ठोकत होती, चिपा उडत होत्या, घाम तिच्या हनुवटीवरून होडीवर गळत होता. खबर पसरून अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. कामं पडलेली दिसत असताना कुणी कशाला हात लावायचा नाही, असा प्रसंग हेलेवोगवर त्याआधी आला नसावा. हेल्गेनं दोन्ही हात खिशात कोंबले होते. स्टाइनार स्वतःच्या कोपराला धरून उभा होता. माझं तर आयुष्य लोकांना मदत करण्याचा पगार घेण्यात गेलं, आणि त्या दिवशी मला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

मध्येच घामानं मोगरी तिच्या मुठीतून सुटली, उतारावरून घरंगळत आली आणि बरोबर ओदवारच्या बुटाशी थांबली.

तो वाकला. त्याची बोटं लाकडाला लागायच्या बेतात होती. आम्ही सगळे त्या बोटांकडे बघत होतो. मग तो सावकाश सरळ झाला आणि त्यानं हात पाठीमागे नेऊन एकात एक अडकवले.

तुरीद खाली आली. तिनं मोगरी उचलली, एप्रनला पुसली आणि त्याच्याकडे बघितलं.

"धन्यवाद, ओदवार," ती म्हणाली आणि परत कामाला गेली.